तीन धावांचे अंतर

आरे कॉलनीतील सायंकाळ मुंबईच्या अन्य उपनगरांतील सायंकाळीहून निराळी असते. गोरेगावच्या नाक्यावरून आत वळल्यावर वाहनांचा कोलाहल हळूहळू मागे पडत जातो, दुतर्फा वृक्षांची छाया दाट होते, आणि दुपारची धार आटोपून निवांत रवंथ करीत बसलेल्या म्हशींच्या तबेल्यांकडून शेण, ओली वैरण आणि दूध यांचा जो संमिश्र गंध वाऱ्याबरोबर येतो, तो येथे आयुष्य घालविलेल्या माणसाला घराच्या उंबरठ्यासारखा ओळखीचा वाटतो. अशाच एका सायंकाळी, रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीपुढील बाकावर दोन वृद्ध गृहस्थांचा एक जुना वाद रंगला होता. विद्यापीठाच्या क्रिकेटमध्ये श्रेष्ठ कोण, अजित वाडेकर की सुनील गावसकर, हा तो वाद. खांद्यावर क्रिकेटच्या सामानाची पिशवी घेतलेला एक महाविद्यालयीन तरुण चहासाठी तेथे थांबला होता. त्याने दोघांचे म्हणणे आदराने ऐकून घेतले, मोबाइल उघडून काही वाचले आणि म्हणाला, “आजोबा, यात वाद कसला? वाडेकरांची सर्वोच्च खेळी ३२४, गावसकरांची ३२७. तीन धावांनी गावसकर मोठे.”

त्यावर, आतापर्यंत अवाक्षर न बोललेले तबेल्याचे एक वयोवृद्ध मालक म्हणाले, “बाळा, दोन म्हशींच्या दुधाची बरोबरी करायची, तर आधी वेत विचारावं लागतं. पहिलारू आहे की चौथ्या वेताची, व्याल्याला किती महिने झाले, पेंड काय खाते, कुठल्या दावणीची आहे. हे विचारल्याशिवाय नुसतं माप बघून जो म्हैस घेतो, तो बुडतो.”

त्या वाक्याने माझ्या मनात जो विचार सुरू झाला, त्याचेच फलित म्हणजे हा लेख. भिन्न काळांतील खेळाडूंची तुलना हा आपल्या समाजाचा अत्यंत आवडता, तरीही बहुधा निष्फळ ठरणारा व्यासंग आहे. तो निष्फळ ठरतो याचे कारण तुलना मुळातच अशक्य असते असे नव्हे. आपण माप आधी पाहतो आणि वेत विचारायचे विसरतो, हे त्याचे खरे कारण होय. १९४९ साली मुंबई शहरातील तबेले बाहेर हलविण्याच्या हेतूने सुमारे १२८७ हेक्टरांवर वसविलेल्या या दुग्धवसाहतीत पिढ्यान्‌पिढ्या जो व्यवहार चालत आला, त्यातील वेत, पेंड, दावण आणि माप हे चार शब्द मला या प्रश्नाच्या चार किल्ल्यांसारखे वाटतात.

प्रथम विषयाची पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. अमेरिकेत महाविद्यालयीन बास्केटबॉलला जे स्थान आहे, त्याच्या जवळपास जाणारे स्थान आपल्याकडे एके काळी मुंबईच्या महाविद्यालयीन क्रिकेटला होते. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या एल्फिन्स्टन, विल्सन, सेंट झेवियर्स, सिडनहॅम इत्यादी महाविद्यालयांच्या संघांतील मुकाबले पाहण्यास मैदानांवर गर्दी लोटत असे. आणि रणजी करंडक स्पर्धेला प्रारंभ होऊन एक वर्ष लोटते न लोटते तोच, १९३५ साली, मुंबईचे अर्देशीर दादाभाई बारिया यांनी आपल्या रोहिंटन नामक दिवंगत पुत्राच्या स्मरणार्थ एक करंडक देऊन आंतरविद्यापीठीय क्रिकेटला अधिष्ठान प्राप्त करून दिले. एका पित्याच्या शोकातून जन्मास आलेल्या या रोहिंटन बारिया करंडकाने पुढील चार-पाच दशके भारतीय क्रिकेटला जे खेळाडू पुरविले, त्यांची गणना करू लागल्यास कसोटी संघाची यादीच वाचावी लागेल. मुंबई विद्यापीठाने तो करंडक वारंवार जिंकला, आणि या स्पर्धेतील पराक्रम हा निवड समितीपुढे सादर करण्याचा जणू एक सनदी दाखलाच मानला जाई.

आता वाडेकरांचे वेत पाहू. १९४१ साली जन्मलेले वाडेकर एल्फिन्स्टन महाविद्यालयात विज्ञानशाखेत दाखल झाले ते अभियंता होण्याच्या आकांक्षेने. क्रिकेट ही त्यांच्या जीवनाची नियोजित दिशा नव्हती. महाविद्यालयाला जाताना बसमध्ये भेटणारे, वरच्या वर्गातील बाळू गुप्ते (जे स्वतः पुढे कसोटी क्रिकेट खेळले) यांनी त्यांना एके दिवशी महाविद्यालयाच्या संघात बारावा गडी म्हणून येण्याविषयी विचारले, आणि त्याबद्दल तीन रुपये भत्ता मिळेल असे सांगितले. पेले भरून पाणी नेण्याच्या त्या तीन रुपयांच्या कामातून एका डावखुऱ्या फलंदाजाची कारकीर्द सुरू झाली, ती विद्यापीठासाठी ३२४ धावांच्या खेळीपर्यंत आणि अखेरीस भारताच्या कर्णधारपदापर्यंत पोहोचली. यात योगायोगाचा अंश मोठा आहे हे खरे. परंतु असा योगायोग घडून यावा इतकी मोकळी जागा त्या काळच्या महाविद्यालयीन व्यवस्थेत होती, ही गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. शालेय वयात ज्याची नोंद कोणत्याही दप्तरात झालेली नाही, असा मुलगा सोळा-सतराव्या वर्षी बॅट हाती घेऊन श्रेष्ठ पदाला पोहोचू शकत असे.

गावसकरांचे वेत निराळे. १९४९ साली जन्मलेल्या गावसकरांचे मामा माधव मंत्री हे कसोटीपटू होते. सेंट झेवियर्सच्या शाळेत असतानाच, १९६६ साली, त्यांना देशातील सर्वोत्कृष्ट शालेय क्रिकेटपटूचा मान मिळाला. आणि त्याच नावाच्या महाविद्यालयात त्यांनी पाऊल ठेवले तेव्हा मैदानावरील जाणकारांची दृष्टी त्यांच्यावर आधीच खिळलेली होती. वासू परांजपे यांच्यासारख्या कुशाग्र कर्णधाराच्या दादर युनियन संघाची शिस्त त्यांना लाभली. याला मी पेंड म्हणतो. याने गावसकरांच्या कर्तृत्वात लेशमात्र उणेपणा येत नाही, कारण उत्तम पेंड पुष्कळांना मिळते आणि त्यांतील एखादाच गावसकर होतो. परंतु हिशेब मांडताना ती रक्कम जमेच्या बाजूस लिहावीच लागते. १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्याआधी त्यांनी विद्यापीठासाठी ३२७ धावा करून वाडेकरांचा ३२४ चा विक्रम मागे टाकला. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी: गावसकरांपुढे ३२४ चा दगड रोवलेला होता आणि तो रोवणारे वाडेकर होते. पुढच्या पिढीच्या हाती पहिले माप मागची पिढीच देत असते.

या तीन धावांशी विलक्षण साम्य असलेले एक उदाहरण अमेरिकेतील बास्केटबॉलमध्ये आहे. पीट मॅराविच नावाच्या खेळाडूने १९६७ ते १९७० या काळात लुइझियाना राज्य विद्यापीठासाठी अवघ्या तीन हंगामांत, ८३ सामन्यांत, ३६६७ गुण मिळविले. सामन्यागणिक सरासरी ४४ हून अधिक. तेथील तत्कालीन नियमानुसार प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघातून खेळण्याची मनाई होती, आणि दूर अंतरावरून चेंडू कड्यात टाकल्यास दोनऐवजी तीन गुण देण्याची आजची पद्धती तेव्हा अस्तित्वात नव्हती. ती तेथील महाविद्यालयीन खेळात सर्वत्र लागू झाली १९८६ च्या हंगामापासून. पुढे २०२३ साली अँटॉइन डेव्हिस हा खेळाडू पाच हंगामांत आणि १४४ सामन्यांत ३६६४ गुणांपर्यंत येऊन थांबला. विक्रमाच्या बरोबरीला तीन गुण कमी, म्हणजे दूर अंतरावरील एका यशस्वी फेकीइतके! त्यानंतर २०२४ साली आयोवा विद्यापीठाच्या केटलिन क्लार्क हिने महिलांच्या स्पर्धेत खेळताना, चार हंगामांत आणि १३९ सामन्यांत, ३९५१ गुणांपर्यंत मजल मारली. केवळ माप पाहणारा म्हणेल, की क्लार्क पहिली, मॅराविच दुसरा आणि डेव्हिस तिसरा. वेत विचारणारा मात्र म्हणेल, की हे तीन भिन्न दावणींवरील तीन हिशेब आहेत. मॅराविचला तीन गुणांची फेक नव्हती आणि चौथे वर्ष नव्हते, डेव्हिसला पाच वर्षांची मुदत होती, आणि क्लार्कने तर महिलांच्या खेळाकडे पाठ फिरवून बसलेल्या प्रेक्षकांना मैदानावर आणले, ज्याची नोंद कोणत्याही गुणतक्त्यात होत नाही.

आपल्याकडील माप किती वेळा बदलले, हे फारसे कोणी सांगत नाही. ‘मुंबई विद्यापीठाचा संघ’ हे शब्द १९४० मध्ये आणि १९६० मध्ये एकच असले, तरी त्यांचा अर्थ एक नव्हता. पुणे, गुजरात, कर्नाटक आणि बडोदा येथील विद्यापीठे १९४९ च्या सुमारास उभी राहिली. तत्पूर्वी पुण्यापासून अहमदाबादेपर्यंतची आणि धारवाडपर्यंतची महाविद्यालये मुंबई विद्यापीठाच्याच अमलाखाली असल्यामुळे, त्या काळी विद्यापीठाच्या अकरा जणांत स्थान मिळविणे म्हणजे सबंध मुंबई इलाख्यातील विद्यार्थ्यांत अव्वल ठरणे होते. स्वातंत्र्याच्या वेळी देशात विद्यापीठे होती वीसच्या आसपास. आज ती हजाराहून अधिक आहेत. मग आंतरविद्यापीठीय स्पर्धेतील एका शतकाचे वजन तेव्हा आणि आता सारखेच धरता येईल काय?

दुसरा बदल शिक्षणपद्धतीचा. पूर्वी अकरावीनंतर शालान्त परीक्षा होई आणि विद्यार्थी थेट महाविद्यालयात जाऊन चार वर्षे पदवीचा अभ्यास करी. १९७५ साली महाराष्ट्रात दहावीची नवी परीक्षा सुरू झाली, त्यामागोमाग कनिष्ठ महाविद्यालयाची दोन वर्षे आली, आणि पदवीचा काळ तीन वर्षांचा झाला. या तजविजीमागील हेतू सर्वस्वी शैक्षणिक होता. परंतु तिच्यामुळे विद्यापीठीय क्रिकेटपटूच्या वाट्याचे एक वर्ष कमी झाले आणि जे वय पूर्वी विद्यापीठाच्या छायेत जाई, ते कनिष्ठ महाविद्यालयात जाऊ लागले. अमेरिकेतील त्या प्रथमवर्षीय मनाईसारखाच हा परिणाम आहे. फक्त आपल्याकडे कोणी तो क्रिकेटच्या खतावणीत मांडला नाही.

तिसरा बदल सर्वांत मोठा, आणि तो दावणीचा. त्या काळी परदेशी संघ भारताच्या दौऱ्यावर आला, की त्याचा एक सामना संयुक्त विद्यापीठांच्या संघाशी ठरत असे. सोलापूरला जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठाचे नेतृत्व केलेले पॉली उम्रीगर यांनी १९४८ साली अशाच सामन्यात वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद शतक झळकावले आणि काही आठवड्यांतच ते कसोटी संघात आले. पुढे भारतासाठी ५९ कसोटी सामन्यांत १२ शतके काढणाऱ्या या खेळाडूला परीक्षेचा पेपर आणि जगातील उत्तम गोलंदाजी यांचा सामना एकाच वयात करावा लागला. आजच्या महाविद्यालयीन खेळाडूला तशी संधी नाही. १९८९ साली सोळाव्या वर्षी शाळेतूनच थेट कसोटी संघात गेलेल्या सचिन तेंडुलकरांपासून ही वाट उघडपणे बदलली. आता सोळा आणि एकोणीस वर्षांखालील स्पर्धांमधून निवडीचा मार्ग जातो, आणि २००८ पासून सुरू झालेल्या इंडियन प्रीमियर लीगमुळे गुणी तरुण महाविद्यालयाच्या पटावर असतो, मैदानावर मात्र बहुधा नसतो. १९७६ साली एकोणिसाव्या वर्षी कसोटीत पदार्पण करणारे दिलीप वेंगसरकर आणि १९८१ साली अठराव्या वर्षी पदार्पण करणारे रवी शास्त्री हे दोघेही माटुंग्याच्या पोदार महाविद्यालयाचे. त्यांच्या पिढीसाठी महाविद्यालय आणि मैदान यांच्यामध्ये भिंत नव्हती. आज ती आहे, आणि ती कोणत्याही खेळाडूच्या दोषाने उभी राहिलेली नाही.

इतके बदल होत असता, एक मोजपट्टी मात्र मुंबईने अबाधित राखली, ती म्हणजे १९४८ साली सुरू झालेली, डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाची पावसाळी लीग. आच्छादन न घातलेल्या ओल्या खेळपट्टीवर, भुईतून अंगावर येणारा किंवा अवचित खाली राहणारा चेंडू, गुडघाभर गवतात अडकणारे फटके, आणि पुन्हा पावसाची सर येण्यापूर्वी धावा करण्याची निकड. महाविद्यालयीन मुलांनी येथे आपापल्या क्लबांतर्फे कसोटीपटूंसमोर उभे राहावे, अशी ही परंपरा. कोणत्याही दोन काळांतील मुंबईकर फलंदाजांची तुलना करायचीच असेल, तर निर्जीव खेळपट्टीवरील त्रिशतकापेक्षा कांगा लीगमधील चाळीस धावा मला अधिक बोलक्या वाटतात, कारण पावसाने पिढ्यांत भेद केलेला नाही.

तथापि, मापे निराळी म्हणून तुलनाच सोडून द्यावी, असे मी म्हणत नाही. ज्याला सर्व काही सापेक्ष वाटते, त्याला अखेरीस श्रेष्ठही कोणी वाटेनासे होते, आणि ती वृत्ती खेळाला घातक आहे. तुलनेचा एक प्रामाणिक मार्ग उरतो, तो असा, की खेळाडू आपल्याच दावणीतील इतरांच्या किती पुढे होता, आणि जेथून निघाला तेथून किती दूर पोहोचला, हे दोन प्रश्न विचारायचे. पहिल्या प्रश्नाचे उत्तम उदाहरण विजय मर्चंट. सिडनहॅम महाविद्यालयाच्या या कर्णधाराच्या विद्यार्थिदशेत बारिया करंडक जन्मासही आलेला नव्हता. पुढे युद्धाने त्यांच्या ऐन उमेदीची वर्षे खाल्ली आणि अठरा वर्षांच्या काळात त्यांच्या वाट्याला अवघे दहा कसोटी सामने आले. परंतु रणजी करंडकात त्यांची सरासरी ९८.७५ राहिली, ज्या स्पर्धेत पन्नासची सरासरी म्हणजे उत्कृष्ट फलंदाज, तेथे जवळजवळ दुप्पट. एवढे अंतर राखणारा पुरुष कोणत्याही काळात श्रेष्ठच ठरला असता.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी वाडेकर आणि गावसकर या दोघांपाशी न थांबता एका तिसऱ्या नावापाशी येतो. दिलीप सरदेसाई १९४० साली मडगावला जन्मले. तेव्हा गोव्यावर पोर्तुगीज सत्ता होती आणि संघटित क्रिकेटची व्यवस्था तेथे जवळजवळ नव्हतीच. सतराव्या वर्षाच्या सुमारास हा मुलगा मुंबईत आला, विल्सन महाविद्यालयात दाखल झाला, आणि १९५९-६० च्या रोहिंटन बारिया स्पर्धेत त्याने ८७ च्या सरासरीने ४३५ धावा केल्या. पुढच्याच हंगामात पुण्यात भारतीय विद्यापीठांच्या संघातून पाकिस्तानविरुद्ध प्रथम श्रेणीचे पदार्पण करताना त्याने पुन्हा ८७ धावा काढल्या. ज्या वयात गावसकर सबंध देशात ख्यातनाम झालेले होते, त्या वयात सरदेसाई मुंबईत नुकतेच उतरले होते. आणि दोनतीन वर्षांत त्यांनी मुंबईसारख्या कडव्या दावणीत अग्रस्थान मिळविले. फलंदाज म्हणून गावसकर सर्वश्रेष्ठ, याविषयी माझ्या मनात किंतु नाही. परंतु महाविद्यालयाच्या त्या तीनचार वर्षांपुरता फैसला करायचा झाल्यास, आणि निघाल्यापासून पोहोचेपर्यंतचे अंतर मोजायचे झाल्यास, माझा कौल मी सरदेसायांना देतो.

आणि हे तिघे परस्परांचे प्रतिस्पर्धी होते, असे इतिहास सांगत नाही. १९७१ साली निवड समितीचे अध्यक्ष असलेल्या विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने वाडेकर भारताचे कर्णधार झाले. वेस्ट इंडीजच्या त्या दौऱ्यात सरदेसायांनी ६४२ धावा केल्या, एकवीस वर्षांच्या गावसकरांनी चारच सामन्यांत ७७४ धावा केल्या, आणि भारताने वेस्ट इंडीजला त्यांच्या भूमीवर प्रथमच हरविले. सिडनहॅम, एल्फिन्स्टन, विल्सन आणि सेंट झेवियर्स या चार महाविद्यालयांची, तीन भिन्न काळांतील विद्यार्थ्यांची पुण्याई त्या एका विजयात एकवटली होती.

हे सारे मी त्या सायंकाळी टपरीवर बोललो ते अर्थात इतक्या सुसंगतपणे नव्हे. अंधार पडला होता, तबेल्यांतील दिवे लागले होते, आणि कोणीतरी उद्याच्या पहाटेच्या धारेसाठी कॅन धुऊन उपडे ठेवीत होता. तो तरुण बराच वेळ गप्प होता. मग त्याने मोबाइल खिशात ठेवला, पिशवी पुन्हा खांद्यावर घेतली, आणि त्या दोन वृद्धांपैकी एकाला विचारले, “आजोबा, मडगावात तेव्हा एखादं मैदान तरी होतं का हो?” वृद्ध गृहस्थांनी त्याला बाकावर जागा करून दिली.